गिझर ‘डायरेक्ट’ करून देऊ नका, तपासणीचे पैसे घ्या!



गिझर रिपेअरिंगच्या धंद्यात उतरताय? मग पहिल्याच हिवाळ्यात एक मोह होणार. गिऱ्हाईक म्हणतं, “पाणी तापत नाही, सकाळी सगळ्यांच्या आंघोळी आहेत, आत्ता काहीतरी करा.” तुमच्याकडे पार्ट नसतो. मग थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या, गिझर ‘डायरेक्ट’ करायचा आणि पैसे घेऊन निघायचं. माझं मत स्पष्ट आहे. गिऱ्हाईकानं कितीही गळ घातली तरी हे काम करायचं नाही.

का? ठरलेल्या तापमानाला पाणी पोचलं की सप्लाय तोडणं हेच थर्मोस्टॅटचं काम. तो बाजूला काढला की पाणी तापतच राहतं. मग सगळा भरवसा थर्मल कटआउट आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर. कटआउटही कोणी जोडून ठेवला असेल आणि व्हॉल्व्ह क्षारानं जाम झाला असेल, तर टाकी फुटू शकते. हा कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न आहे.

मग करायचं काय? नीट तपासणी. एमसीबी बंद करा, मल्टीमीटरनं व्होल्टेज नाही याची खात्री करा. पाणी गार असू द्या. वायरी सोडवून मीटर ओहमवर लावा. गार पाण्यात चांगला थर्मोस्टॅट जवळपास शून्य ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर तो गेला. कटआउट वेगळा तपासा. मग एलिमेंट बघा. 230 व्होल्टवर चालणाऱ्या 2000 वॅटच्या एलिमेंटला साधारण 26 ओहम यायला हवेत.

तक्रार उलटी असेल, म्हणजे नळातून वाफ येत असेल, तर थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटल्याचा संशय घ्या. अशा वेळी नुसतं कटआउटचं बटण दाबून निघून जाऊ नका. तो का पडला, ते शोधा.

आता धंद्याचं बोलूया. थर्मोस्टॅट दुकानात कोणालाही मिळतो. गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देतं ते नेमका दोष शोधण्याचे. म्हणून तपासणी फी फोनवरच सांगा. मीटरचं रीडिंग गिऱ्हाईकाला दाखवा, जुना पार्ट त्याच्या हातात द्या, काय बदललं ते बिलावर लिहा. आणि तुमच्या भागात जास्त चालणारे दोन-तीन प्रकारचे थर्मोस्टॅट बॅगेत ठेवाच. पार्ट जवळ असला की ‘डायरेक्ट’चा मोहच होत नाही.

“पण सर, मी नाही केलं तर शेजारचा करून देतो!” देऊ दे की. ते गिऱ्हाईक गेलं तर एका दिवसाची कमाई जाईल. पण तुम्ही जोडलेल्या वायरीमुळे कुणाच्या घरात अपघात झाला, तर त्या गावात तुमचा फोन पुन्हा वाजणार नाही. आणि मनाला जे लागेल, ते कुठल्याच कमाईनं भरून निघणार नाही.