दोघंच, दोन दिवस, रत्नागिरी

मैत्रिणींनो, यंदा जानेवारीत मी एक धाडस केलं. मुलं, सासूबाई, दूधवाला, तपासायच्या वह्या हे सगळं मागं ठेवून शनिवार-रविवार आम्ही दोघंच रत्नागिरीला जाऊन आलो. लग्नकार्य नव्हतं की नवस फेडायचा नव्हता. नुसतं पायी हिंडायला गेलो! लग्नाला चौदा वर्षं झाली, पण असे दोघंच आम्ही कुठं गेलोच नव्हतो. तुमच्यापैकी कितीजणी गेल्यात, खरं सांगा बरं!

निमित्त झालं ह्यांच्या साखरेचं. दोन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला लावलं. तेव्हापासून आम्ही रोज सकाळी रंकाळ्यावर जातो. 'आम्ही' आपलं म्हणायचं. हे दहा पावलं पुढं आणि मी मागं. ह्यांची पाठ मला आता तोंडपाठ झाली आहे! पण पाय तयार झाले, तासदीड तास चाललं तरी काही वाटेना. मग मीच म्हटलं, "अहो, हे चालणं एकदा कुठंतरी डोंगरावर, समुद्रावर नेऊन बघू या की."

खरं सांगू? माझ्या मनात आणखी एक होतं. मी शाळेत शिकवते ती तासिकेवर. बी.ए. आहे, बी.एड. नाही. मुख्याध्यापकबाई दोनदा म्हणाल्या, "बी.एड. करून घ्या, मग काही बोलता येईल." बी.एड.ला आता दोन वर्षं लागतात. त्याआधी सी.ई.टी. द्यायची. फॉर्मची तारीख जवळ येत होती आणि घरात बोलायला जागा सापडत नव्हती. जेवताना मुलं, जेवणानंतर टी.व्ही., आणि त्यानंतर ह्यांचं घोरणं. म्हटलं, दोन दिवसांत कुठंतरी बोलता येईलच.

निघण्याआधीची तयारी सांगते, कारण आपलं अडतं ते तिथंच. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वारवार पुड्या करून वर नाव घातलं. शेंगदाण्याची चटणी आणि दोन दिवसांची भाजणी तयार ठेवली. थोरलीला कुकर लावायला आठवडाभर आधी शिकवलं, आणि एकवीस सूचनांचा एक कागद लिहून फ्रीजवर चिकटवला. सासूबाई तो कागद बघून म्हणाल्या, "अगं, तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलंय ना? जा बिनघोर." मैत्रिणींनो, आपण उगीच समजतो, की आपल्यावाचून सगळं अडेल.

बरोबर एकच पिशवी घ्या. दोघांना पाठीवर घेता येईल एवढीच. मी पंजाबी ड्रेस आणि जुने, सवयीचे कॅन्व्हासचे बूट घातले. ह्यांनी हौसेनं नवे बूट घेतले आणि पहिल्याच संध्याकाळी टाचेला फोड आला. तेव्हा चालायच्या प्रवासाला नवं पायताण नको, हा धडा आमच्या खर्चानं तुम्ही शिका.

पहाटेच्या एस.टी.नं निघालो. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना तिकीट निम्मं झालं, त्यामुळे माझा खर्च ह्यांच्या अर्ध्यात! मलकापूर मागं पडलं आणि आंबा घाट उतरू लागलो, तशी हवाच बदलली. साखरपा, नाणीज, पाली करत हातखंब्याच्या तिठ्यावर आलो तेव्हा तांबडी माती आणि मोहोरलेली कलमं दोन्ही बाजूंना होती. मोहोराचा तो वास खिडकीतून आत येतो ना, त्यानंच अर्धा शीण गेला.

रत्नागिरी कशी आहे म्हणाल, तर सपाट रस्ता शोधून काढावा लागतो. एक चढण संपली की उतार, उतार संपला की पुन्हा चढण. जांभ्या दगडाचे गडगे, त्यांमधून वर जाणाऱ्या पाखाड्या, कौलारू घरं आणि मधेच एखाद्या वळणावर समुद्र. रिक्षा मिळतात, पण आम्ही ठरवलं होतं, की पायीच.

आधी टिळक आळीत गेलो. २३ जुलै १८५६ ला लोकमान्यांचा जन्म इथल्या ज्या घरात झाला, ते कौलारू घर जपून ठेवलं आहे. टिळकांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पण त्या ओसरीवर उभं राहिल्यावर ते पहिल्यांदा खरं वाटलं. तिथून पतितपावन मंदिर पाहिलं. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या प्रेरणेनं भागोजीशेठ कीर यांनी हे देऊळ बांधलं आणि १९३१ मध्ये ते सगळ्या जातींना खुलं झालं. आज त्यात विशेष काय, असं मुलांना वाटेल. पण त्या काळी देवळात पाऊल टाकायला ज्यांना बंदी होती, त्यांना विचारा!

दुपारी एका घरगुती खानावळीत घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी जेवलो. उन्हं कलल्यावर थिबा राजवाड्याची चढण धरली. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्यावरून काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला १९१० मध्ये. म्हणजे राजा इथं आला त्याला जवळजवळ पंचवीस वर्षं होत आली होती! पुढं सहाच वर्षांनी, १९१६ मध्ये, तो इथंच वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये मुलींना घेऊन मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र मागाहून रत्नागिरीलाच आली आणि शेवटपर्यंत इथं राहिली. तिचा जीव इथल्याच माणसावर जडला होता. त्या उंच खिडक्यांपाशी मी बराच वेळ उभी होते. मनात आलं, घर मोठं असलं म्हणून काय झालं? बाहेर पडायची मुभा नसेल तर तो वाडाही कोंडवाडाच. (आत संग्रहालय आहे. सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या.)

जवळच्या थिबा पॉइंटवरून खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीत मिळताना दिसते. सूर्य बुडेपर्यंत बसलो. तिथं बी.एड.चं बोलणार होते, पण ह्यांचं लक्ष टाचेच्या फोडाकडे. म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रत्नदुर्गाकडे निघालो. इथं माझी चूक झाली, ती तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. ह्यांनी गोळी घेतली, वर नुसता चहा. "किल्ला बघून येऊ, मग खाऊ," असं मीच म्हटलं. किल्ला गावापासून दोन-अडीच किलोमीटर आणि शेवटी चढण. निम्म्या वाटेवर नेहमीसारखे दहा पावलं पुढं असलेले हे एकदम थांबले. कपाळाला घाम, हात थरथरतायत. साखर कमी झाली होती. मी ह्यांना गडग्यावर बसवलं, पिशवीतली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून पाजली आणि पाव तास हलूच दिलं नाही. मग जवळची बिस्किटं खायला लावली. मैत्रिणींनो, घरात कुणी साखरेची गोळी घेत असेल तर उपाशीपोटी चढण नको आणि ग्लुकोज किंवा साखर हाताशी हवीच. एवढं करून बरं वाटलं नाही, तर वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

हे सावरले तसे म्हणाले, "तू मागं असतेस म्हणून बरं. मला वाटायचं, तुला झेपत नाही म्हणून मागं राहतेस."

"झेपतं हो मला," मी म्हटलं, "तुम्ही थांबत नाही म्हणून मागं."

त्यानंतर किल्ल्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. भगवतीचं दर्शन घेतलं आणि तटावर गेलो. तीन बाजूंनी समुद्र! दक्षिणेला मांडवीची काळी वाळू, उत्तरेला मिऱ्याकडे पांढरा समुद्र, खाली मिरकरवाड्याच्या बंदरात होड्यांची गर्दी. एकाच गावाला दोन रंगांचे किनारे. मग मी एका दमात सांगून टाकलं. बी.एड., दोन वर्षं, सी.ई.टी., फॉर्मची तारीख, सगळं.

हे गप्प. मग म्हणाले, "आणि आईचं पथ्यपाणी? धाकट्याचा अभ्यास? दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत."

रागावले नव्हते, हिशेब मांडत होते. पण मला ते लागलं. डोळ्यांत आलेलं वाऱ्यावर ढकललं आणि दीपगृहाकडे बघत राहिले. उतरताना दोघंही बोललो नाही. पांढऱ्या समुद्रावर वाळूतून बराच वेळ चाललो. हे अनवाणी, बूट हातात. शेवटी पाण्याकडे बघतच हे म्हणाले, "फॉर्मची शेवटची तारीख कधी म्हणालीस?"

हो म्हणाले नाहीत, बरं का. तारीख विचारली. पण चौदा वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, की नाही म्हणायचं असतं तर तारीख कुणी विचारत नाही.

मांडवीला शहाळं घेतलं, बाजारातून मुलांना आंबापोळी, फणसपोळी आणि सासूबाईंना कोकमं घेतली आणि दुपारची एस.टी. पकडली. (आंबापोळीचा वास घेण्यापलीकडे ह्यांना परवानगी नव्हती!) घरी पोचलो तर मुलं जेवून झोपलेली, ओटा पुसलेला. एकवीस सूचनांचा कागद जागच्या जागी. थोरली सकाळी म्हणाली, "आई, तो वाचायला वेळच नाही झाला." मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ह्यांनी तो कागद काढला, घडी केली आणि म्हणाले, "घर चालतंय की." एवढंच बोलले.

फॉर्म भरला. परीक्षा व्हायची आहे. पास होईन का, प्रवेश मिळेल का, आईंचं पथ्य कोण बघेल, सगळंच अजून ठरायचं आहे. रंकाळ्यावर मात्र आता आम्ही जोडीनं चालतो. कधी बी.एड.वर बोलतो, कधी नुसतं भाजीवर.

मैत्रिणींनो, रत्नागिरीच हवी असं नाही. तुमच्या गावापासून चार-पाच तासांवर एखादा डोंगर, एखादा किनारा असेलच. खर्च दोन वेळच्या हॉटेलजेवणाचा, साध्या लॉजचा आणि एस.टी.चा. मुलांना एक रात्र आजी-आत्याकडे ठेवलं म्हणून ती दुरावत नाहीत. पिशवी हलकी ठेवा, पायताण जुनं घाला आणि नाश्ता करून निघा. आणि मनात काही अडलेलं असेल, तर तेही बरोबर न्या. स्वयंपाकघरात जे बोलणं अर्ध्यावर राहतं, ते चढणीवर पुरं होतं.

जाऊन आलात की मला जरूर कळवा. वाट बघते.