नाव पटावर, मूल भट्टीवर

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता आणि गोव्याचा महामार्ग वेगळे होतात. कंटेनर आणि एसट्यांची रीघ इथे रात्रंदिवस तुटत नाही. रस्त्यांच्या या जाळ्यापलीकडे, रायगडच्या वाड्यांमध्ये, दिवाळी सरली की निराळी धांदल उडते. कातकरी आदिवासी कुटुंबं बिऱ्हाड बांधून वीटभट्ट्यांवर, कोळसा भट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात शेठकडून घेतलेली उचल अंगावर असते आणि ती फेडायला आई-बापांबरोबर पोरंही जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर.

शाळेचं दुसरं सत्र तोवर संपलेलं असतं.

पनवेल तालुक्यातल्या प्राथमिक शाळांची हजेरी आणि गुणवत्ता वाढवायची असेल, तर सुरुवात या मुलांपासूनच करायला हवी. जूनमध्ये वर्गात येणाऱ्या मुलीच्या हातात तिसरीचं पुस्तक पडतं. वाचन मात्र पहिलीतच थांबलेलं. ती मागे बसते, दोन दिवस येते, तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहते. तिच्या गैरहजेरीला पालकांची अनास्था म्हणणं सोपं आहे. पण जिथे काहीच कळत नाही, तिथे रोज कोण येईल?

हे दुखणं एकट्या रायगडचं नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं. सुधारणा नक्कीच आहे, तरीही चारातली तीन मुलं मागेच आहेत.

यावरचा उपाय शोधायला लांब जावं लागत नाही. १९९५मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार पाडले. अक्षर ओळखणारी एकत्र, शब्द वाचणारी एकत्र, आणि रोजचा थोडा वेळ फक्त त्यासाठी. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या तिच्या ‘बालसखी’ उपक्रमाचा अभ्यास अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी केला आणि मागे पडलेली मुलं अशा शिकवण्यातून पुढे येतात, हे आकड्यांनी दाखवलं. पुढे २०१९मध्ये या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने तर नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ भरवल्या. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच मुलापाशी गेली.

कायदाही मुलाच्याच बाजूने आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. पण ते पत्रक दप्तरात घालून देणारं आणि भट्टीजवळच्या शाळेत ते पाहून मुलाला वर्गात घेणारं कुणीतरी लागतं. ‘बालरक्षक’ म्हणून पदरमोड करून वाड्यावस्त्यांवर फिरणारे शिक्षक हे करतात. त्यांच्या हौसेवर ही व्यवस्था उभी राहावी, हे बरोबर नाही.

मागास घटकांतल्या मुलींना हजेरीसाठी दिवसाला १ रुपया देण्याची योजना १९९२ची. आज त्या रुपयात पेन्सिलही येत नाही. त्यापेक्षा कुटुंब भट्टीवर गेलं असताना आजीपाशी मागे राहणाऱ्या मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय करावी. अशा मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांची कल्पना राज्याला नवी नाही.

पनवेलच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने दिवाळीच्या सुट्टीआधीच प्रत्येक वाडीची यादी करावी: कोणतं मूल, कोणत्या भट्टीवर, तिथली जवळची शाळा कोणती. आणि जूनमध्ये ही मुलं परततील तेव्हा पहिला महिना पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून त्यांना फक्त वाचायला शिकवण्याची मोकळीक शिक्षकांना लेखी द्यावी.