निळा दिवा आणि कुंडीखालची बशी

संध्याकाळी निळ्या दिव्याचा विजेचा सापळा ओसरीवर टांगून निश्चिंत होणाऱ्या गृहस्थाची कीव करावी की कौतुक, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. कारण त्या दिव्यावर तडतडत जे जीव भस्मसात होतात ते बहुतांशी निरुपद्रवी पतंग व किडे असतात, आणि रक्ताची तहान असलेली डासाची मादी मात्र माणसाच्या उच्छ्वासाचा व अंगाच्या उष्णतेचा माग काढीत थेट शय्येपाशी दाखल होते.

शत्रूचे ठाणे अन्यत्र आहे. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाचा तपास करून जो अहवाल सादर केला, त्यात बोट दाखविले ते घरोघरच्या विहिरींकडे. पुढे त्या बुजविण्याचे वा झाकण्याचे हुकूम निघाले, तेव्हा धर्मभावनेच्या नावाने तक्रारी झाल्या. आज गच्चीवरची उघडी टाकी, कुंडीखालची बशी आणि फ्रिजमागचा ट्रे यांनी तो वारसा बिनतक्रार चालविला आहे. डेंग्यूच्या डासास अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढण्यास आठ-दहा दिवस पुरतात. सबब आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून, आतून घासून (घासून म्हणतो, कारण कडेला चिकटलेली अंडी पाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरतात) कोरडी ठेवावीत. सापळाच हवा असेल तर काळ्या भांड्यात पाणी ठेवून मादीस अंडी घालू द्यावीत व ते पाणी दर आठवड्यास तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओतावे. मात्र ज्यास हा वार पाळण्याची शाश्वती नाही, त्याने ते भांडे मांडूच नये, अन्यथा त्याचे सूतिकागृह होते.