आमची सहल, त्यांची एस.टी.

परवा भाच्याचा फोन आला. "मावशी, तू लक्षद्वीपला जाऊन आलीयेस ना? दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी जायचं म्हणतोय. विमानानं जाऊ की बोटीनं?" जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले, आणि मालदीव चांगलं की लक्षद्वीप हा वाद घरोघरी सुरू झाला. तेव्हापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. फोनवर मी "बोटीनं जा" म्हणून मोकळी झाले. पण उत्तर तेवढं सोपं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आम्ही गेलो होतो जानेवारी २०१९ मध्ये. मुलगा, सूनबाई, दोन नातवंडं आणि मी. कोचीहून बोट, पाच दिवस, तीन बेटं : कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. रात्री बोटीवर झोपायचं, सकाळी बेटावर उतरायचं, संध्याकाळी परत बोटीवर.

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. कंकणद्वीप म्हणजे काय, हे फळ्यावर बांगडी काढून किती वर्गांना सांगितलं असेल! ज्वालामुखीचं बेट हळूहळू खाली खचतं, त्याच्या कडेनं प्रवाळ वर वाढत राहतात, शेवटी बेट बुडतं आणि प्रवाळांचं कडं तेवढं उरतं. डार्विननं १८४२ साली मांडलेलं हे सगळं मला तोंडपाठ. पण कवरत्तीच्या बाहेर बोट उभी राहिली आणि काळपट निळ्या पाण्यापलीकडे फेसाची पांढरी रेघ, तिच्या आत पोपटी पाणी दिसलं, तेव्हा मी नातवाचा हात धरून नुसती उभी राहिले. तो म्हणाला, "आजी, रडतेस काय?" मी म्हटलं, वारा लागतोय.

बोट त्या कड्याच्या आत जात नाही, पाणी उथळ. म्हणून मोठ्या बोटीच्या पोटातल्या दारातून लहान होडीत उतरायचं. होडी खालीवर होत असते. दोन खलाशी आपले दंड धरतात आणि 'आता' म्हणाले की पाय टाकायचा. माझ्या गुडघ्यांना विचारा!

तर, बोटीनं जा असं मी म्हणते त्याचं पहिलं कारण पाणी. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहिरी त्याच्यावर. उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर आलंच. कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प झाला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली नेऊन त्याची वाफ करायची, आणि खोल समुद्रातलं थंड पाणी वापरून त्या वाफेचं परत पाणी करायचं. कल्पना फारच सुरेख. त्याची मूळ क्षमता दिवसाला एक लाख लिटर. पण २०११ च्या जनगणनेत एकट्या कवरत्तीची वस्ती अकरा हजारांवर होती. मास्तरकीची सवय, लगेच भागाकार केला : माणशी नऊ लिटर! आमची नात नुसते केस धुवायला त्याच्या तिप्पट घेते. दहा वस्तीची बेटं, सगळी मिळून बत्तीस चौरस किलोमीटर, माणसं चौसष्ट हजार. तिथं रिसॉर्ट बांधून, तलाव खणून आपण कोणाच्या विहिरीत पोहणार आहोत? त्यापेक्षा पाहुण्यानं आपलं अंथरूण-पांघरूण बोटीवर ठेवावं आणि दिवसापुरतं बेटावर जावं, हे मला पटलं होतं. परवान्याची कटकटही पटली होती.

इथपर्यंत मी स्वतःवर खूष होते.

दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून डेकवर गेले. तिथं एक तरुण बसला होता, कल्पेनीचा, शाळेत शिक्षक. मोडक्या हिंदीत आमचं जमलं, शिक्षक शिक्षकाला कुठंही ओळखतो. वडिलांना कोचीला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून आणत होता. ते खाली, बंकच्या डब्यात. मी विचारलं, वर केबिन का नाही घेतली? तो हसला. म्हणाला, केबिन काय, बंकचं तिकीट मिळायलाच नऊ दिवस गेले. सुट्ट्यांचे दिवस आहेत ना, आणि टूरिस्टही बरेच आहेत. "आप लोगों के लिए यह घूमने का जहाज है, हमारी तो बस है।"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणजे बघा, आपल्या गावाला जाणाऱ्या एस.टी.च्या निम्म्या सीटा शहरातल्या लोकांनी सहलीसाठी धरल्या आणि बाळंतीण स्टँडवर राहिली, तर आपण काय म्हणू? आणि तिथं पावसाळ्यात समुद्र खवळला की ही एस.टी.सुद्धा नियमित येत नाही.

सकाळी कल्पेनीला त्या आजोबांना उतरवताना पाहिलं. खलाशांनी अगदी अलगद धरलं होतं. मुलाच्या काखेत एक्स-रेचं पाकीट. मागं रांगेत आम्ही, टोप्या, गॉगल, पोहायचे कपडे. मुलाला रात्रीचं सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "आई, आपण पूर्ण पैसे भरलेत. पर्यटक आले नाहीत तर त्यांचंच नुकसान." त्याचंही अगदीच खोटं नाही. जेवण वाढणारे, होड्या चालवणारे तिथलेच होते, चार पैसे त्यांनाही मिळत होते. पण पैसे भरले म्हणून जागा आपली झाली, हे मला अजून मान्य नाही. माझं मत विचाराल तर प्रत्येक फेरीत आधी बेटावरच्यांची तिकिटं व्हावीत, आणि उरतील त्या जागा आपल्याला. नाहीतर पर्यटकांची बोट वेगळी हवी. त्यात आमची ट्रिप हुकली असती तर हुकली असती. फळ्यावरची बांगडी होतीच की!

असो. भाच्याला हे सगळं सांगायला काल पुन्हा फोन केला. म्हटलं, सुट्टीच्या गर्दीत नको, शाळा सुरू झाल्या की जा, आणि थोडे जण जा. कितीजण आहात?

"बावीस," तो म्हणाला. "तुला धरून तेवीस."