येळवस यंदा कुणाच्या शेतात?



दिवाळी झाली की आमच्याकडं मुलांचे फोन सुरू होतात. "बाबा, ख्रिसमसच्या सुट्टीत येतोय, एखादं रिसॉर्ट बघून ठेवा." तीन वर्षांमागं आम्ही पुण्याकडच्या एका कृषी पर्यटन केंद्रात गेलो होतो. बैलगाडीची एक फेरी, द्रोणात हुरडा, पिठलं-भाकरी आणि पोहायचा टँक. माणशी दीड हजार. नातवंडं दिवसभर टँकमध्येच होती. तिथल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही गोष्ट मी भालकी तालुक्यातल्या माझ्या शाळूसोबत्याला सांगितली तर तो फोनवरच म्हणाला, "पैशे देऊन दुसऱ्याच्या शेतात बसतूस, आन् माझा कोप मोकळाच राह्यतो की!"

ते बोलणं लागलं. म्हणून ३० डिसेंबर २०२४ ला, सोमवती अमावास्या होती त्या दिवशी, आम्ही चार मित्र आपापली नातवंडं घेऊन त्याच्या शेतात येळवशीला गेलो.

बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिवकडच्या लोकांना येळवस सांगायला नको. पण पुण्या-मुंबईचे वाचक आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. मार्गशीर्षातली ही अमावास्या. कुणी वेळ अमावास्या म्हणतात, कन्नडमध्ये एळ्ळ अमावास्ये. ज्वारी-हरभरा उभा असतो. कडब्याचा कोप करायचा, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे, नैवेद्य दाखवायचा आणि शेतभर आंबील शिंपडायची. जेवायला बाजरीचे उंडे, हरभरा-तूर-वाल-वाटाणा घातलेली भज्जी, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि बिंदग्यातली गार आंबील. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. लातूर जिल्ह्यात तर या दिवशी स्थानिक सुट्टी असते.

आम्ही चौघंही सत्तरीपुढचे. एकाचा गुडघा बदललेला, एकाच्या कानात मशीन. जेवून कोपाच्या सावलीला घोंगडीवर आडवे झालो. इतकी शांत झोप मला कुठल्या एसी खोलीत लागली नाही. नातवंडांना आधी मोबाईलला रेंज नाही याचंच दुःख. मग माझा बंगळुरूचा नातू, ज्याचं मराठी अडखळतं म्हणून आम्ही घरात सारखे टोकतो, तो सालगड्याच्या पोरांशी कन्नडमध्ये बोलायला लागला आणि तासाभरात त्यांच्याबरोबर ढाळे उपटत फिरत होता. पुण्याची नात मराठी बोलते, पण तिला त्या पोरांचं कळेना. तर हा तिला मराठीत समजावून सांगत होता. १९५६ साली आपला बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर-निलंगा तिकडं, भालकी-औराद इकडं, जहिराबाद आंध्रात. त्यावर आम्ही म्हातारे अजून वाद घालतो. पोरांनी दोन्ही भाषा वापरून ढाळे खाल्ले.

आता जे सांगायचं ते सांगतो. परत निघताना मी वहिनींना म्हटलं, "फार छान झालं, पुढच्या वर्षी परत येतो." त्या म्हणाल्या, "या की भावजी. पर मी रात्री दोनला उठले. पोरगा-सून हैदराबादला, हाताखाली कुणी न्हाई. पुढल्या साली एवढं होतंय का बघावं लागंल." मी गप्प झालो. आम्ही अकरा माणसं आयत्या पानावर बसलो होतो. आम्ही आराम केला म्हणतो, त्याचं ओझं एका पासष्टीच्या बाईच्या पाठीवर होतं. मित्रानंही मग हळूच सांगितलं, रस्त्यालगतची जमीन आहे, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं.

ही वेळ आली त्यात माझाही वाटा आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा बँकांचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं. येळवस नेमकी क्लोजिंगच्या धामधुमीत. रजा मागायची सोयच नव्हती. वडील दरसाल पोस्टकार्ड टाकायचे, मी दरसाल क्लोजिंगचं कारण लिहायचो. पुढं १९८९ पासून क्लोजिंग ३१ मार्चला गेलं. कारण संपलं, पण माझं जाणं काही सुरू झालं नाही. मुलांची शाळा, बदली, काहीतरी असायचंच. वडील गेल्यावर आमच्या वाटणीचं रान आम्ही भावांनी विकलं. माझ्या मुलांनी येळवस पाहिलीच नाही. त्यांनी मला रिसॉर्ट बघायला सांगितलं तर चूक त्यांची कशी?

दुसऱ्या दिवशी पोरांना बिदरचा किल्ला आणि महमूद गवानचा १४७२ चा मदरसा दाखवला. पण त्यांना जास्त आवडलं ते बिदरीचं काम. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकतात, मग किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात घालून त्यात भांडं बुडवतात. धातू काळा होतो, चांदी तशीच पांढरी राहते. माती योग्य आहे का, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. नातीनं विचारलं, "आजोबा, आपल्या शेतातली माती चालेल का?" आपलं शेत म्हणजे तिला कालचं. मी काही दुरुस्ती केली नाही.

माझं मत एवढंच. नातवंडांना गावाकडं न्यायचं तर पाहुणे म्हणून नेऊ नका. ज्यांची शेती उरली नाही त्यांनी मित्राच्या शेतात जावं, पण आदल्या दिवशी जावं. कोप बांधायला हात लावावा, शेंगा सोलाव्यात, भांडी घासावीत. रिसॉर्टला जे पैसे देतो, ते किराण्याला आणि हाताखालच्या बाईच्या मजुरीला द्यावेत. मित्र पैसे घेणार नाही, सामान घेईल. मुलांना तारीख सहा महिने आधी कळवावी, म्हणजे रजा मिळते.

२०२५ ची येळवस १९ डिसेंबरला, शुक्रवारी. मुलांना फोन केलेत. धाकटा म्हणाला, "बघतो बाबा." हे उत्तर मीच वडिलांना द्यायचो, म्हणून रागावलो नाही. परवा परत फोन करणार आहे. आम्ही दोघं मात्र १८ तारखेलाच भालकीला पोचतोय. उंडे वळायला बायको आणि शेंगा सोलायला मी.

तुमच्यापैकी कुणाच्या शेतात अजून कोप पडतो? जरूर लिहा.