शपथविधीचे भाषण

अमेरिकेचा नवा अध्यक्ष शपथ घेऊन बोलला की दुसऱ्याच दिवशी वृत्तपत्रे त्याच्या भाषणास गुण देऊ लागतात. गुण देण्यात आमचा जन्म गेला. म्हणूनच ही घाई आम्हांस खुपते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९३ साली अवघ्या १३५ शब्दांत समारंभ उरकला. विल्यम हेन्री हॅरिसन १८४१ साली थंडीत ओव्हरकोटावाचून जवळजवळ दोन तास बोलले आणि महिन्याभरात वारले. ते भाषण आज कोणी वाचत नाही.

अब्राहम लिंकन यांचे ४ मार्च १८६५ चे भाषण मात्र निराळे. शब्द सुमारे सातशे. यादवी युद्ध सरत आले होते. उत्तरेच्या श्रोत्यांस जयघोष हवा होता. लिंकन यांनी सांगितले की, दोन्ही पक्ष एकाच देवाची प्रार्थना करतात, आणि गुलामगिरीच्या पापाचे हे प्रायश्चित्त उत्तर-दक्षिण दोघांच्याही वाट्यास आले आहे. जिंकत असलेल्यास हे ऐकविणे सोपे नव्हे! काही पत्रांनी नाके मुरडली. लिंकन यांना ते अपेक्षितच होते. ईश्वराचा हेतू आपल्याहून वेगळा असल्याचे दाखविलेले माणसास रुचत नाही, अशा आशयाचे त्यांनी थर्लो वीड यांना पत्रातून कळविले.

त्याच संध्याकाळी व्हाइट हाउसच्या दारात पोलिसांनी फ्रेडरिक डग्लस यांना अडविले; ते जन्माने गुलाम होते. लिंकन यांनी त्यांना आत बोलावून घेतले आणि भाषण कसे वाटले, हे आपण होऊन विचारले. डग्लस यांनी त्यास पवित्र प्रयत्न म्हटले.