बचत गटात कोणाला घ्यायचे?

इंदापुरातून नीरा ओलांडली की माळशिरस तालुका लागतो. तिथल्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांना मात्र स्त्रियांसाठी राखीव प्रभागात उभे राहण्यासाठी न्यायालय गाठावे लागले. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांचा फेटाळलेला अर्ज ग्राह्य धरला आणि त्या निवडूनही आल्या.

स्थानिक संस्थांत निम्म्या जागा राखीव व्हायला २०११ साल उजाडले; आता त्यात नवे वाटेकरी कशाला, ही बायकांची शंका उडवून लावण्याजोगी नाही. म्हणूनच, सोयीसाठी पुन्हा पुरुष म्हणवणार नाही, ही पाटील यांची हमी न्यायालयाने नोंदवून घेतली.

पण बारामती-इंदापूरकडच्या बाईचा खरा व्यवहार बचत गटात चालतो. तिथे कर्जाला तारण असते ते एकमेकींच्या विश्वासाचे. तो विश्वास तृतीयपंथीयांना नाकारायचा आणि वर त्या बाजारात टाळ्या वाजवून पैसे मागतात म्हणून नाक मुरडायचे, हा कुठला न्याय? स्वतःला स्त्रीही न मानणाऱ्या, पुरुषही न मानणाऱ्यांना तर राखीव प्रभागाचा आधारही नाही. न्यायालय उमेदवारी अर्ज स्वीकारायला लावू शकते. शेजारी बसवून हप्ता घ्यायचा की नाही, हे गटातल्या बायकांनाच ठरवावे लागेल.